पंगतीचं शेवटचं पान

"हा डबा परत न्या," हनोख मास्तर म्हणाले.

डबा स्टीलचा होता. आत पांढऱ्या रुमालात भाकर होती आणि औषधाच्या धुतलेल्या बाटलीत द्राक्षारस. आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन द्यायला मिशनने एक सुबक लाकडी खोका दिलेला होता. पण त्याची कडी माझ्याआधीच्या पाळकांच्या कारकिर्दीत निखळली होती, आणि माझी बायको शलोमी म्हणाली होती, डब्यात काय वाईट आहे, झाकण घट्ट बसतं.

"मास्तर, यात प्रभुभोजन आहे."

"दिसतंय मला. परवा ह्याच डब्यातून पाळकबाईंनी लोणचं पाठवलं होतं."

"घासलाय तो."

"वासाचं नाही म्हणत मी." मास्तरांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली. "प्रभुभोजन म्हणजे पंगत असते, पाळकसाहेब. माणूस माणसाला खेटून बसतो, वाढणारा वाकून वाढतो, एखादं पान चुकलं तर ओरडा होतो. मी काय खानावळीचा डबा लावलाय?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सेमिनरीतून, पाळक घडवणाऱ्या कॉलेजातून, नुकताच बाहेर पडलेला. ग्रीक क्रियापदं मला पाठ होती, पण खानावळीच्या डब्यावरचं उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

"मग आम्ही तुम्हाला खुर्चीत बसवून आत नेतो," मी म्हणालो. "चार जण लागतील. नुसतं अंगण तर ओलांडायचंय."

"माणसाला चार जणांनी उचलून चर्चमध्ये एकदाच नेतात. तेव्हा मी कुरकुर करणार नाही."

अंगण खरंच तेवढंच होतं. खडकमाळचं आमचं चर्च लहानसं, दगडी. दारातून उतरलं की पायऱ्या, मग अंगण, मध्ये कडुनिंब, आणि अंगणाच्या पलीकडे मिशनने बांधलेल्या खोल्यांची ओळ. त्यातली चर्चच्या दारासमोरची खोली हनोख मास्तरांची. मास्तरांनी उभा जन्म चर्चमध्ये पेटी वाजवली होती. मग पाय सुजले, त्यातला जोर गेला, आणि त्यांची खाट ओट्यावर आली. तिथून त्यांना चर्चचं उघडं दार दिसायचं आणि आतलं सगळं गाणं ऐकू यायचं. हे दुसरं आमच्या दृष्टीने त्रासाचं होतं.

"वर कुठं निघालात?" अंगणापलीकडून आवाज यायचा. "खाली या, खाली."

सगळी मंडळी निमूट खाली यायची. आमच्यात चर्चच्या सभासदांना मिळून मंडळी म्हणतात. ह्या शब्दाचा दुसरा अर्थ मला पुढे नडला, तो येईलच.

मी डबा उचलून निघालो. घरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही अशी आमच्याकडे रीत आहे, पण आलेलं जसंच्या तसं परत चालल्याची ती पहिलीच वेळ असावी. मास्तरांची बायको लेआबाई माझ्यामागून पायऱ्यांपर्यंत आली. लहानखुरी, हडकुळी बाई. दर शनिवारी चर्च झाडायचं काम तिच्याकडे होतं. हातात केरसुणी नसलेली ती मी क्वचितच पाहिली.

"डॉक्टर म्हणाले, पावसाळा धरू नका," ती म्हणाली.

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"इस्टरला तरी त्यांच्या तोंडात पंगतीतला घास पडायला हवा, पाळकसाहेब. रोज म्हणत नाहीत, पण रात्रंदिवस तेच आहे डोक्यात. आणि उचलून जायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

"मी तरी काय करू, लेआबाई?"

"तुम्ही प्रवचन करा."

"प्रवचनाने काय होणार?"

"काही ना काही होतंच की. मागच्या खेपेला तुम्ही क्षमेवर बोललात, तर उजगरेसाहेब आणि हेडसर महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते."

उजगरेसाहेब म्हणजे शद्रख उजगरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. हेडसर म्हणजे नथानिएल चक्रनारायण, हायस्कूलमधून निवृत्त. दोघे आमच्या मंडळीचे वडील. कारभार पाहणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो. दोघांचं भांडण पहिल्या बाकाच्या उजव्या टोकावरून होतं. चर्चमध्ये पंखा एकच, आणि तो बरोबर त्या टोकावर. पंखा उजगरेंनी दिलेला होता. बाक चक्रनारायणांच्या वडिलांनी, इथे वडील म्हणजे खरोखरचे वडील, दिलेला होता. बाक माझा आहे असं एक म्हणायचा आणि वारा माझा आहे असं दुसरा. जो आधी येईल तो टोक धरायचा, त्यामुळे दोघे रविवारी चर्च उघडण्याआधीच दाराशी उभे असायचे. बाहेरच्यांना ही भक्ती वाटायची.

मास्तरांची पंगत डोक्यात घोळत होती म्हणून मी त्या रविवारी येशूने सांगितलेला मेजवानीचा दाखला, म्हणजे बोधकथा, प्रवचनाला घेतला. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागेवर धावू नका, शेवटच्या जागेवर बसा. यजमान स्वतः येऊन म्हणेल, मित्रा, वर ये. मी तळमळून बोललो. उपासना सुटल्यावर उजगरेंनी माझा हात हातात घेतला.

"फार छान बोललात. हेडसरना लागलं असेल."

मग हेडसर आले. "उत्तम. उजगऱ्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

पुढच्या रविवारी पहिला बाक रिकामा होता. पंखा रिकाम्या बाकाला वारा घालत होता. दोघेही वडील शेवटच्या बाकावर बसले होते, आणि त्यांच्यामध्ये, दोन गोण्यांत अडकलेल्या मांजरीसारखी, लेआबाई. ती नेहमी तिथेच बसायची, कारण दारातून ओट्यावरची खाट दिसायची.

मला गहिवरून आलं. प्रवचनाचा एवढ्या लवकर परिणाम झालेला सेमिनरीतल्या प्राध्यापकांनीही पाहिला नसेल. मी पुलपिटावरून, प्रवचनाच्या चौथऱ्यावरून, म्हणालो, "उजगरेसाहेब, पुढे या ना."

"आधी हेडसरना म्हणा."

"हेडसर, तुम्ही या."

"मी इथे बरा आहे. मी शेवटचा आहे."

"शेवटचा मी आहे," उजगरे म्हणाले. "माझ्यामागे भिंत आहे."

"भिंत माझ्याही मागे आहे."

"तुमच्यामागे खिडकी आहे."

सगळी मंडळी माना वळवून मागे पाहत होती. लेआबाई त्या दोघांमधून हळूच उठली आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. त्यासरशी दोघेही गप्प झाले. त्यांच्या मागे आता एक बाई होती.

त्यानंतरच्या रविवारी मी पोचलो तेव्हा एक बाक पायऱ्यांच्या खाली अंगणात होता आणि त्यावर चक्रनारायण बसले होते. कडुनिंबाची पानगळ चालू होती. सगळं अंगण पिवळ्या पानांनी भरलेलं, फक्त पायऱ्यांपुढचा तुकडा लख्ख झाडलेला. हेडसरांची पँट नेहमी पांढरीशुभ्र असायची. बसण्याआधी ते रुमालाने बाक पुसायचे, मग रुमाल झटकायचे, मग घडी घालायचे, आणि मग बसायचे.

"हेडसर, बाहेर?"

"आत मला गर्व झाल्यासारखं वाटतं," हेडसर म्हणाले.

एवढ्यात उजगरे आले. त्यांनी परिस्थिती पाहिली, आत गेले, आणि नातवाच्या मदतीने दुसरा बाक बाहेर आणून पहिल्याच्या मागे ठेवला. मग उरलेल्या मंडळीची पंचाईत झाली. वडील बाहेर असताना आत बसायचं म्हणजे वडिलांपेक्षा पुढे बसायचं. हिवाळे कुटुंब उठलं आणि आपला बाक घेऊन बाहेर गेलं. त्यांच्यापाठोपाठ बाकीचे. लग्नघरातलं सामान हलवावं तसे बाक दारातून जात होते. बाहेर जाऊन प्रत्येकाने आपला बाक दुसऱ्याच्या मागे ठेवायचा प्रयत्न केला, त्यामुळे उपासना सुरू व्हायला उशीर झाला.

मी पुलपिटावर उभा राहिलो. माझ्यासमोर, पहिल्या बाकावर, पंख्याखाली, फक्त माझी मंडळी उरली होती. म्हणजे शलोमी.

"तू नाही गेलीस?" मी हळूच विचारलं.

"मला वारा हवाय," ती म्हणाली. "करा सुरू."

त्या सुमारास जिल्ह्यातल्या पाळकांची सभा झाली. आमच्या अध्यक्षांनी प्रेमाने विचारलं, "काय म्हणते खडकमाळची मंडळी?"

"मागे जातेय, साहेब."

आमच्या भाषेत मंडळी मागे गेली म्हणजे विश्वासात ढिली पडली. त्यांचा चेहरा उतरला. "किती मागे?"

"कडुनिंबापर्यंत."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला आठवडाभर उपास करायला सांगितलं. मी केला. मंडळी कडुनिंबाच्याही मागे गेली.

आता मी दारात उभा राहून प्रवचन करत होतो, ओरडून. रस्त्यावरून बाजाराला जाणारे लोक थांबून पाहायचे. त्यांना वाटत असावं की ह्या माणसाला सगळ्यांनी मिळून चर्चमध्ये कोंडलंय आणि तो बाहेर काढा म्हणून विनवतोय. बाकांची तोंडं माझ्याकडे होती, पण लक्ष मागे. कोण किती मागे आहे हे पाहायला दर गीताच्या शेवटी माना वळायच्या. उजगरे पाटबंधाऱ्यातले असल्यामुळे नजरेने अंतर जोखायचे.

"हेडसर, तुमचा बाक तिरका आहे. डावा पाय माझ्या मागे जातोय."

"पानं आहेत हो तिकडे. इथेच तेवढं स्वच्छ आहे."

"मग मीही स्वच्छ जागीच ठेवतो."

आणि स्वच्छ जागा असायची. चोहीकडे पानांचा खच, मध्ये एक झाडलेला पट्टा, आणि त्या पट्ट्यावरून आमची मंडळी रविवारी रविवारी मागे सरकत होती. चर्चच्या आत दारापाशी असायचा तो पाण्याचा माठही कधीतरी बाहेर आला होता. तो नेहमी शेवटच्या बाकाच्या थोडा पलीकडे असायचा. हेडसरांना खोकला होता. सारखं उठायला नको म्हणून ते माठाजवळ सरकायचे, की लगेच उजगरे माठाच्या पलीकडे.

मधल्या वारी मी मास्तरांना भेटायला गेलो. ह्या वेळी डबा नेला नाही. ते खंगले होते. पायांवरची सूज घोट्यांच्या वर चढली होती, पण डोळे खट्याळच.

"पाळकसाहेब, तुमची मंडळी माझ्या अंगावर यायला लागलीय."

"त्रास होत असेल तर सांगतो त्यांना."

"त्रास कसला, मी पडूनच आहे. पण एक घोटाळा झाला. बेसूर कोण आहे ते मला लांबून नीट कळत नव्हतं. इतकी वर्षं मी शद्रखच्या नावाने शंख करत होतो. आता जवळून ऐकलं तर तो नथानिएल."

"सांगू त्यांना?"

"नको. ह्या वयात माणसाला सूर सापडायचा नाही. उगाच गाणं सोडेल." त्यांनी अंगावरची चादर वर ओढली. मग म्हणाले, "इस्टरला प्रभुभोजन आहे ना?"

"आहे. मास्तर, तुम्ही जर..."

"उचलून नाही."

"नाही. पण मी घेऊन आलो तर?"

"डबा नाही." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. लेआबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

मी मात्र निर्धार केला. इस्टरला तरी मंडळी चर्चमध्ये बसली पाहिजे. जिल्ह्यात माझं नाव आधीच निघालं होतं. एका पाळकाने तर मला चेष्टेत पोस्टाने भोंगा पाठवायची तयारी दाखवली होती. शनिवारी दुपारी मी शर्टाच्या बाह्या वर करून स्वतःच एक बाक उचलला आणि पायऱ्या चढलो. आत लेआबाई गुडघ्यांवर बसून फरशी धूत होती. बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या.

"आत्ता नका आणू, पाळकसाहेब. ओलं आहे. बाकांचे पाय कुजतात."

"संध्याकाळी आणतो."

"आणा की."

संध्याकाळी आलो तर फरशी पुन्हा ओली. "एक डाग राहिला होता," ती म्हणाली. मला तो डाग दिसला नाही, पण इस्टरच्या आदल्या दिवशी एखाद्या बाईशी डागावरून वाद घालणं पाळकाला शोभत नाही. मी बाक अंगणात ठेवून घरी गेलो आणि शलोमीला म्हणालो की झालं, संपलं. अध्यक्षांच्या कानावर जाणार, की पुनरुत्थानाच्या दिवशी खडकमाळच्या पाळकाने रिकाम्या चर्चमध्ये उपासना घेतली.

"ख्रिस्ताची कबरसुद्धा रिकामीच होती," शलोमी म्हणाली. "झोपा आता."

इस्टरची उपासना आमच्याकडे पहाटे असते. मी पोचलो तेव्हा फटफटत होतं. सगळं अंगण, पायऱ्यांपासून थेट पलीकडच्या ओट्यापर्यंत, झाडून सडा घातलेलं होतं. ओल्या मातीचा वास येत होता. आणि मंडळीने जागेचा पुरेपूर उपयोग केला होता. बाकांची रांग अंगणभर पसरली होती. शेवटचा बाक हनोख मास्तरांच्या ओट्याला टेकला होता आणि त्यावर शद्रख उजगरे बसले होते. मागे जागा नव्हती. मागे ओटा होता. उजगऱ्यांच्या चेहऱ्यावर युद्ध जिंकल्याची शांती होती.

हेडसर माझ्यापाठोपाठ फाटकातून आले. त्यांनी रांग पाहिली, शेवटचा बाक पाहिला, ओटा पाहिला. क्षणभर घुटमळले. मग सरळ चालत गेले, उजगऱ्यांच्या बाजूने ओट्यावर चढले, आणि हनोख मास्तरांच्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले. त्या गडबडीत बसण्याआधी पुसायचंही विसरले.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"मी शेवटी बसतोय."

"ही माझी खाट आहे, नथानिएल."

"म्हणूनच. हिच्यामागे काही नाही."

उजगरे उठले. वय बाजूला ठेवून ते ओट्यावर चढले आणि खाटेच्या दुसऱ्या कडेला उभे राहिले. "सरका."

"पायथा एकच असतो, उजगरे."

"पाय दोन आहेत."

मास्तरांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघं माझे पाय दाबायला आलाय का?"

सगळी मंडळी मला पाठमोरी होऊन तिकडे बघत होती. उजगऱ्यांना आयुष्यात कधी निरुत्तर झालेलं खपलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. खाली बसले आणि मास्तरांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला.

"मीही त्यासाठीच आलोय," हेडसर म्हणाले, आणि त्यांनी उजवा पाय घेतला. पायाला औषधाचं तेल लावलेलं होतं. हेडसरांनी खिशातून तो घडीचा रुमाल काढला, पाय पुसला, रुमाल झटकला नाही, तसाच खाली ठेवला, आणि दाबायला लागले.

मी चर्चच्या दारातून म्हणालो, "प्रभू उठला आहे."

"खरोखर उठला आहे," असं म्हणत मंडळी उभी राहिली. दोन वडील आणि हनोख मास्तर सोडून.

गीत झालं. कुणी खाली या म्हणालं नाही. बहुतेक आम्ही आपापले खालीच होतो. मग प्रभुभोजनाची वेळ आली. आमची पद्धत अशी की वडिलांनी पुढे यायचं, माझ्याकडून तबकं घ्यायची आणि बाकांवरून वाढत जायचं. ह्या मानावरूनही दोघांची दरवेळी चढाओढ असायची.

"वडिलांनी पुढे यावं," मी म्हणालो.

कुणी आलं नाही. मी पुन्हा म्हणालो.

"मला येता येत नाही, पाळकसाहेब," ओट्यावरून उजगऱ्यांचा आवाज आला. "पाय गार पडलाय ह्यांचा. आत्ता कुठं ऊब धरतोय."

"इकडचाही," हेडसर म्हणाले.

त्या दोघांच्या आवाजात काहीतरी कमी होतं. ते काय, हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही. एरवी त्यात दुसऱ्यावर मात केल्याची किनार असायची. ती नव्हती.

मग मीच तबक घेतलं. शलोमी दुसरं तबक घेऊन माझ्याबरोबर आली. पंखा सोडून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. बाकामागून बाक आम्ही वाढत गेलो, वाकून, प्रत्येकापुढे. पायऱ्या, कडुनिंब, माठ. अंगण संपलं आणि आम्ही ओट्याशी आलो.

"मास्तर," मी म्हणालो, "हे शेवटचं पान तुमचं."

मास्तर कोपरावर टेकून थोडे वर झाले होते. त्यांनी पार चर्चच्या दारापर्यंत नजर टाकली. सगळी मंडळी हातात घास धरून थांबली होती. आमच्याकडे सगळ्यांना मिळाल्याशिवाय कुणी खात नाही.

"सगळ्यांना पोचलं?"

"पोचलं."

"ह्या दोघांना?"

"आम्ही शेवटी," उजगरे म्हणाले.

"तुमच्यानंतर," हेडसर म्हणाले.

"मी शेवटचा आहे," मास्तर म्हणाले. "आत्ताच पाळकसाहेबांनी सांगितलं. शेवटच्या पानावर मी आहे. आधी तुम्ही घ्या."

"मास्तर, आम्ही तुमच्या पायाशी आहोत."

"मग काय झालं? मी पडलेलो आहे. पडलेल्या माणसाच्या खाली कुणी नसतं."

मी तबक धरून उभा होतो. तीन म्हातारे, तिघेही शेवटचे. मेजवानीच्या दाखल्यात ह्याची काही सोय केलेली नाही. मागे मंडळी ताटकळत होती. हिवाळ्यांच्या लहान्याने घास खाऊन टाकला आणि आईची चापट खाल्ली.

तेवढ्यात उंबऱ्यातून लेआबाई म्हणाली, "घ्या हो तुम्ही. माझं राहिलंय अजून."

तिघांनीही वळून पाहिलं. ती दाराच्या आत, अंधारात उभी होती. हातात केरसुणी होती. तिला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. मास्तरांनी थोडा वेळ बायकोकडे पाहिलं, आणि मग हात पुढे केला. हेडसरांनी तो खालून धरला. त्यांच्यामागून उजगऱ्यांनी घेतलं, मग हेडसरांनी. लेआबाईने केरसुणी भिंतीला टेकवली, हात पदराला पुसले, आणि बाहेर आली.

आम्ही सगळ्यांनी एकदम खाल्लं. मास्तर बराच वेळ चावत राहिले. एवढ्याशा तुकड्यात चावण्यासारखं काही नसतं. मग उशीवर मान टेकून म्हणाले, "लोणच्याचा वास नाही."

ते पावसाआधी गेले. चार जणांनी उचलून चर्चमध्ये नेलं आणि त्यांनी कुरकुर केली नाही. खोळंबा झाला तो आमच्यामुळे. उजगरे आणि हेडसर दोघांनाही मागचाच खांदा द्यायचा होता. ह्या वेळी कुणी कुणाला सरकवलं नाही. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि पुढे कुणी जाईना. शेवटी पुढे मी आणि हिवाळे लागलो.

बाक पुन्हा आत आले. पहिल्या बाकाचं उजवं टोक मात्र त्यानंतर कुणी घेतलं नाही. उजगरे म्हणायचे, हेडसरना खोकला आहे, वारा लागू दे. हेडसर म्हणायचे, पंखा त्यांचा आहे. शेवटी तिथे शलोमी बसायला लागली.

पुढे एका शनिवारी मी त्या टोकावर बसून दुसऱ्या दिवशीचं प्रवचन जुळवत होतो. लेआबाई केर काढत होती. मान वळवली की उघड्या दारातून मला अंगण दिसत होतं. पानं, काटक्या, बकरीच्या लेंड्या, कुणाची तरी फाटकी चप्पल. कित्येक दिवसांत त्या अंगणाला हात लागलेला नव्हता.

"लेआबाई, अंगण राहिलं झाडायचं."

"अंगण माझ्याकडे कधी होतं, पाळकसाहेब? माझ्याकडे चर्च."

"मग इस्टरच्या आधी कोण झाडत होतं?"

ती झाडत झाडत माझ्या बाकापर्यंत आली. मी पानांमधून निघालेला तो स्वच्छ पट्टा आठवत होतो, आणि दर रविवारी ओट्याकडे सरकणारा माठ, आणि न दिसलेला डाग.

"हेडसरांची पँट पांढरी असते," ती म्हणाली. "पाय उचला."

मी दोन्ही पाय उचलले.